माफ केलेली बाई

माझ्या नवऱ्यानं मला भर सभेत माफ केलं, तेव्हा टाळ्या पडल्या. बायकांच्या बाजूनंही पडल्या. मी पुढच्या रांगेत बसले होते, पोटात तिसरा महिना, मांडीवर धाकटी खुशबू. माफ करण्यासारखं मी काहीही केलेलं नव्हतं. हे मला ठाऊक होतं, आणि त्याला तर माझ्याही आधीपासून ठाऊक होतं. तरी टाळ्या पडल्या. त्या आठवल्या की अजूनही माझं डोकं तापतं, म्हणून सांगायला बसले आहे.

सुगत, माझा नवरा, स्टील प्लांटमध्ये ऑपरेटर. प्लांट उभा राहत होता तेव्हा त्याचे आजोबा भंडाऱ्याकडून भिलाईला आले आणि इथलेच झाले. वैशाली नगरात आमचं घर, दोन गल्ल्या सोडून बुद्धविहार, आणि विहाराच्या कमिटीचा सुगत सचिव. दारू नाही, शिवी नाही, आवाज चढवणं नाही. बोलतो तर असा की ऐकणाऱ्यानं कामं टाकून ऐकत बसावं. माझ्या बहिणी म्हणायच्या, संघमित्रा, तू नशीब काढलं. मलाही तसंच वाटायचं.

दुसरी मुलगी झाल्यावर मी ऑपरेशन करून घेणार होते. आमच्यात ते बाईनंच करायचं असतं, त्यावर कुणी बोलतही नाही. माझ्या सासूबाईंनी, रुक्माबाईंनी, सरकारी शिबिरात केलेलं, माझ्या आईनं केलेलं. आमच्या गल्लीत बेंबीखाली तो चिरा नसलेली मोठी बाई सापडायची नाही. पण सुगत म्हणाला, "तू कावून? दोन पोरी तू जनल्या. आता माही पाळी." मी रडले. त्या रडण्याची मला आता चीड येते.

तो एका मित्राबरोबर रायपूरला गेला आणि संध्याकाळी ऑटोतून उतरला तो पोट धरून. वाकून, भिंतीला हात लावत आत आला. पुढचे काही दिवस त्यानं पलंगावर काढले. उठताना कळवळायचा, खोकला आला की उशी पोटाशी घट्ट दाबायचा. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, त्याला डिंकाचे लाडू करून घातले, बाळंतिणीला घालतात तसे. नेहरू नगरच्या एका कोचिंग क्लासचं ऑफिस मी सांभाळते. तिथून आले की मी त्याचे पाय चेपत बसायची. मी माझी तांबी काढून टाकली. आता गरजच काय, असं तोच म्हणाला होता.

आठ मार्चला विहारात त्याचा सत्कार झाला. कमिटीचे अध्यक्ष कृष्णराव, रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांनी त्याच्या खांद्यावर निळ्या काठाची शाल घातली. म्हणाले, दोन मुलींवर थांबलेला आणि बायकोचा त्रास स्वतःच्या अंगावर घेतलेला हा आपल्या वस्तीतला पहिला मर्द. सुगतनं भाषण केलं. बाईच्या शरीरावर समाजानं किती सुऱ्या चालवल्या, यावर तो इतकं सुंदर बोलला की बायकांनी पदरानं डोळे पुसले. शेजारचे चंपतकाका मात्र सगळ्यात मागे मान खाली घालून बसले होते. प्लांटच्या ब्लास्ट फर्नेसला सगळी नोकरी केलेला अबोल माणूस, त्यांना असले विषय जड जात असतील, असं मला वाटलं.

त्या शालीनं सुगतला पुढारी केलं. मोबाईलवर त्याच्या मुलाखती आल्या. कॉलेजवाले त्याला बोलवायला लागले. महापालिकेच्या निवडणुकीत वॉर्डातून तिकीट त्यालाच, असं पक्षातले लोक चहा पिता पिता सांगून जायचे. हजारो बायकांच्या पोटावर चिरे आहेत, त्यांच्या अंगावर कधी कुणी साधा रुमाल टाकला नाही. एका पुरुषाच्या एका नसेला मात्र शाल, हार आणि वर वॉर्डाचं तिकीट.

आणि मग, दोन वर्षांनी, माझी पाळी चुकली.

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, दिवस गेलेत. सुगत शेजारच्याच खुर्चीत होता. त्याचा चेहरा क्षणभर पांढरा पडला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "होतं असं. क्वचित नस परत जुळते. मिस्टरांची तपासणी करून घ्या, लगेच कळेल." सुगत हसून म्हणाला, करतो. आणि एकटाच गेला. परत आला तेव्हा माझ्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाला, "केली तपासनी. माह्यात काईच नाई निघालं. नस बंदच आहे."

मी म्हटलं, "मंग हे कसं?"

"तेच मी विचार करून राहिलो." मग अगदी हळू म्हणाला, "मी तुले काई म्हनून राहिलो का? नाई ना? मले माहीत आहे, तू जानूनबुजून काई केलं नसन."

जाणूनबुजून. हा शब्द त्यानं माझ्या डोक्यात सोडला आणि आपण शांतपणे जेवायला बसला.

दोन दिवसांनी त्यानं विचारलं, "मोनाच्या लग्नात जामुलले तू कोनत्या खोलीत झोपली होती?" मोना माझी मावसबहीण, जवळच्या जामुलची; लग्न महिन्याभरापूर्वीचं. लग्नाच्या गडबडीत माझं डोकं चढलं होतं, मी गोळी घेऊन तिच्या घरी मागच्या खोलीत आडवी झाले होते. सुगत त्या दिवशी ड्यूटीवर होता. "गोळी कोनी देली?" मोनाच्या भावानं, कमलेशनं. "पानी?" त्यानंच. "दाराले आतून कडी लावली होती?" मला आठवेना. "आठवून पाह," सुगत म्हणाला. "घाई नाई."

मी आठवत बसले. हे ज्याच्यावर आलं नाही त्याला कळायचं नाही. आपल्याच डोक्यात उतरून आपलाच एक दिवस उलटापालटा करायचा, आणि जिथे काही आठवत नाही तिथे काहीतरी घडलंच असेल असं मानायचं. कमलेश मला लहानपणापासून ताई म्हणतो. मी त्याचा नंबर ब्लॉक केला. त्याची बायको घरी आली तर मी दार उघडलं नाही. त्या मंडपातला एकेक पुरुष मी आठवला आणि एकेकाची शिसारी येऊ लागली. सुगत रोज झोपताना मला दूध आणून द्यायचा. क्लासच्या सरांना त्यानं परस्पर फोन करून सांगितलं की तिची तब्येत बरी नाही. माझा मोबाईल काढून घेतला, म्हणाला डोक्याला आराम दे. आणि पोट पाडायला रायपूरला डॉक्टर बघून ठेवला. "तिकिटाची यादी निघायच्या आत मोकळं होऊन जाऊ. कोनाले कळनार नाई." मी मान हलवली. त्या दिवसांत त्यानं सांगितलं असतं की तुझं नाव संघमित्रा नाही, तर त्यालाही मी मान हलवली असती.

पण कळलंच. सुगत फोनवर डॉक्टरशी बोलताना आईंनी ऐकलं. त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं आणि इतर सगळ्यांशी सुरू केलं. विहारातल्या बायका मला पाहून गप्प व्हायला लागल्या. माझी मोठी, उन्नती, सहावीतली पोर, शाळेतून येऊन दप्तर न उतरवताच उभी राहिली. "मम्मी, सब बोल रहे हैं पापा आपको माफ़ करने वाले हैं. आपने किया क्या है?"

स्वतःच्या पोरीला सांगायला माझ्याकडे उत्तर नव्हतं, इथपर्यंत त्यानं मला आणून सोडलं होतं.

त्या काळात घरात पाऊल टाकणारी एकच बाई, शेजारच्या गिरजाबाई, चंपतकाकांची बायको. एका दुपारी आई झोपलेल्या होत्या आणि त्या अंबाडीची भाजी घेऊन आल्या. माझ्याकडे बघून त्यांचा जीव कळवळला. म्हणाल्या, "एक विचारू का व? मले दोन वर्सांपासून हसू येऊन राहिलं, पन बोलले नाई. तुह्या नवऱ्याचं पोट कावून दुखत होतं?"

"ऑपरेशन झालं होतं ना, काकू."

"मर्दाचं ऑपरेशन पोटावर असते का, बाई?" त्यांनी आवाज खाली आणला. "आमच्या बुढ्याचं झालं आहे. तिसऱ्या बाळंतपनात मी मरता मरता वाचले, तर हा गपचूप दुर्गले जाऊन करून आला. सासूले सांगतलं, सायकलवरून पडलो. चार दिवस पाय फाकून बदकावानी चालला. सायकलच्या सीटवर बसनं झालं नाई. पोटाले त्याच्या हातबी नाई गेला. लोकाईले मी सांगतलं का माहंच झालं, मर्दाचं नाव कायले घालवा. अन् तुहा पाहा, बाळंतिनीवानी पोट धरून धरून चाले." हसता हसता त्या थांबल्या, माझा चेहरा पाहून. "कोनाले सांगशील नाई. पोरींची आन आहे तुले. हा बुढा शरमेनं मरून जाईन."

मी आण घेतली. दुसऱ्या दिवशी कुणाला न विचारता क्लासला गेले. आमच्याकडे डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेची तयारी करून घेतात. बायोलॉजीच्या वर्गात पुरुषाच्या शरीराचा माझ्या उंचीएवढा तक्ता टांगलेला आहे. वर्षानुवर्षं त्याच्यासमोरून मी फीच्या पावत्या घेऊन गेले होते. त्या दिवशी मी त्याच्यापुढे उभी राहिले आणि ती नस कुठे असते ते बोटानं शोधलं. पोटाशी, जिथे सुगत उशी धरायचा, तिथे कापायला कुणी जात नाही.

मी तिथल्याच बाकावर बसले आणि हसले. वेड्यासारखी हसले. त्याचं ऑपरेशन झालंच नव्हतं. तपासणीही झाली नव्हती. पोटातलं मूल त्याचंच, आणि हे त्याला डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत बसल्या बसल्याच कळलं होतं. जामुलची खोली, गोळी, पाणी, कडी, हे सगळं त्यानं शांत डोक्यानं माझ्यासाठी रचलं होतं. ऑपरेशन म्हटलं की पोट धरायचं, एवढंच त्याला माहीत होतं, कारण आयुष्यभर त्यानं ते ऑपरेशन फक्त बायकांवर झालेलं पाहिलं होतं. तक्ता बघायचीसुद्धा तसदी त्यानं घेतली नव्हती. आणि आम्ही सगळ्या ते खरं मानून त्याला लाडू चारत होतो!

घरी आल्यावर मी त्याच्याशी भांडले नाही. एकट्यात बोलले असते तर त्यानं मला पुन्हा शांतपणे वेडी ठरवली असती. रविवारी विहारात बैठक होती आणि तो तिथे बोलणार होता. मी इस्त्रीची पांढरी साडी काढून ठेवली.

विहार भरून गेला होता. वंदना नेहमीप्रमाणे सुगतनंच घेतली. खोटं न बोलण्याचं शील त्यानं सगळ्यात खणखणीत आवाजात म्हटलं आणि आम्ही त्याच्या मागून म्हटलं. मग ती निळ्या काठाची शाल सारखी करत तो उभा राहिला. बोलायला प्रमाण मराठी काढली, पुस्तकी. म्हणाला, माझ्या घरात एक दुःखद गोष्ट घडली आहे. जुना मर्द असता तर त्यानं बायकोला मारलं असतं, हाकललं असतं. पण मर्दानगी हात उगारण्यात नाही, मन मोठं करण्यात आहे. "मी संघमित्राला माफ केलं आहे. तिला कोणी एक शब्द बोलायचा नाही."

तेव्हा त्या टाळ्या पडल्या.

मी खुशबूला उन्नतीच्या मांडीवर दिलं आणि उठले. कृष्णराव म्हणाले, "बस बाई, झालं आता. त्यानं मोठं मन केलं." मी म्हटलं, "मले एकच विचारायचं आहे, उन्नतीच्या पप्पाले."

सुगत मायेनं हसला. "विचार."

"ऑपरेशन झाल्यावर तुमचं दुखत कुठं होतं?"

"हे काय आता?"

"दाखवा ना. कुठं दुखत होतं?"

त्याचा हात सवयीनं गेला. बेंबीखाली, पोटावर. सभेनं तो हात पाहिला आणि कुणालाच काही वाटलं नाही. पुरुषांना माहीतच नव्हतं, आणि बायकांना तर ते दुखणं तिथेच ठाऊक होतं. कृष्णराव चिडले. "हे काय लावलं तू? एका मर्दाले भर सभेत असं विचारतात का?" माझ्या पोटावर महिनाभर सगळा गाव बोलत होता, तेव्हा कुणाला लाज आली नव्हती. याला कुठे दुखलं एवढं विचारलं, तर विहार बाटला.

मला पुढे बोलता येईना. आण घेतली होती. मी मागे चंपतकाकांकडे वळून पाहिलंही नाही. मला वाटलं, संपलं, आता हे मला उचलून घरी नेतील, दूध पाजतील आणि रायपूरला घेऊन जातील.

मागच्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. चंपतकाका उभे होते. बनियनवर शर्ट, गळ्यात मफलर.

"बाबू," ते सुगतला म्हणाले, "तिथं नाई दुखत. माही झाली आहे नसबंदी. तिथं नाई दुखत."

पुरुषांच्या बाजूला कुणीतरी फिस्सकन हसलं. पाठोपाठ आणखी दोघंचौघं. चंपतकाकांची मान खाली गेली, पण ते बसले नाहीत. गिरजाबाई बायकांच्या रांगेतून उठल्या, सगळी सभा ओलांडून गेल्या आणि नवऱ्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. "हासा," त्या म्हणाल्या. "माह्या जिवासाठी केलं त्यानं. हासा!"

हसणं बंद झालं. सुगतनं घसा साफ केला. "काका, तुमचा जमाना वेगळा होता. आता नवीन पद्धत आहे, दुर्बिनीची. पोटातूनच करतात." इतकं सहज बोलला तो! कृष्णराव मान डोलवायलाही लागले, आणि मला दिसलं की सभेला ते पटणार आहे. त्याचं काहीही पटत आलं होतं.

तेव्हा आई उठल्या. रुक्माबाई, ज्यांनी मला महिनाभर पाणी विचारलं नव्हतं. त्या सुगतच्या पोटाकडे बघत होत्या, हात अजून तिथेच होता.

"उशी धरून खोकलनं," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "उठताना भिताडाले हात. हे तं माहं व माय. मी शिबिरातून आले तवा हा पलंगाजवळ बसून राहे, मले पाहत." त्यांचा आवाज चढला. "माहं दुखनं करून दाखवलं तू मले? अन् मी तुले लाडू चारले?"

"आई, तू बस."

"गेला होता का तू रायपूरले? माह्या डोळ्यात पाहून सांग."

सुगतची पुस्तकी मराठी संपली होती. "गेलो होतो," तो म्हणाला. "टेबलापर्यंत गेलो होतो. नाई झालं मले. भेव वाटला, मंग मर्द नाई राहनार म्हून." आणि मग हेही बोलला, अगदी खालच्या आवाजात, "अन् एखादा पोरगा झाला तर झाला, असंबी वाटलं."

बायकांच्या रांगेत गलका उठला. कुणी शिवी घातली, कुणी तोंडाला पदर लावला. मी उभीच होते. मला वाटत होतं की आता मला खूप आनंद होईल, सुटल्यासारखं वाटेल. प्रत्यक्षात संताप इतका होता की कान बंद झाले होते. याला भीती वाटली. बस, एवढंच! ती लपवायला त्यानं माझं डोकं, माझी माणसं, माझ्या पोरींची आई, सगळं मोडायला काढलं होतं. आणि सगळ्यांत अजब हे की पुरुषांच्या बाजूला अर्धे लोक अजून चंपतकाकांकडेच वळून वळून बघत होते.

कृष्णरावांनी हात वर करून सभा शांत केली. मोठ्या माणसाचा चेहरा केला. "झालं ते झालं. मानूस आहे, भेला. निवडनूक तोंडावर आहे, घरातली गोष्ट घरात राहू द्या. आता, संघमित्रा, तूबी मोठं मन कर. त्यानं तुले माफ केलं, तू त्याले माफ कर. झाली फिट्टंफाट."

लोक माझ्याकडे बघायला लागले. सुगतनं हात जोडले होते, मान किंचित कलती, डोळ्यांत पाणी, चेहरा अगदी भाषणातला. मागच्या रांगेत दोघाचौघांचे हात टाळीसाठी आधीच वर आले होते, ते मी पाहिलं.

"मम्मी," उन्नतीनं खालून माझा पदर ओढला, "अब आपको माफ़ करना पड़ेगा क्या?"

माझ्याकडे पोरीला द्यायला उत्तर होतं.

"नाही," मी म्हटलं, मागच्या रांगेपर्यंत जाईल एवढ्या आवाजात. "माफ नाही करत. हे मूल ठेवायचं का नाही, ते मी ठरवीन. त्याच्या घरी राहायचं का नाही, तेबी मीच ठरवीन. अन् कृष्णराव, ती शाल काढून घ्या त्याच्या अंगावरून. ती ज्याची आहे तो माणूस तिथं मागं उभा आहे, दिसत नाही का तुमाले?"

शाल कुणी काढली नाही. कृष्णराव माइकची वायर गुंडाळत बसले. मी खुशबूला कडेवर घेतलं, उन्नतीचा हात धरला आणि पुरुषांच्या रांगेतून मागे गेले. चंपतकाका अजून उभेच होते. मी वाकून त्यांच्या पाया पडू लागले तर ते घाबरून मागे सरकले. म्हणाले, "नको व पोरी, लोक पाहून राहिले."

"पाहू द्या," गिरजाबाई म्हणाल्या.

विहाराबाहेर येऊन मी उन्नतीकडून तिचा शाळेसाठी दिलेला छोटा फोन मागून घेतला आणि कमलेशला लावला. नंबर मला पाठ होता. त्यानं उचलला आणि लगेच म्हणाला, "ताई? काय झालं, ताई? मी काय केलं होतं?"

मी रस्त्यात उभी राहून रडले, आणि त्याला सांगितलं की त्यानं काहीच केलं नव्हतं. मीही काही केलं नव्हतं.